कोल्हापुरातली खाऊफेरी घड्याळावर लावा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून चौघं जण शनिवार-रविवार कोल्हापूरला येताय. आई 66 वर्षांच्या, शाकाहारी, रक्तदाबाची गोळी चालू. मुलगी नऊ वर्षांची. तुम्ही दोघं सगळं खाणारे. अंबाबाईच्या देवळाभोवतीच्या जुन्या पेठांतून गाईडबरोबर खाण्यापिण्याची पायी फेरी करायची आहे. एका फेरीची जाहिरात आहे ‘तीन तासांत दहा ठिकाणं’. ती घ्यावी का, आणि कुठे काय किती खावं?

ती घेऊ नका. तीन तासांत दहा ठिकाणं म्हणजे चालणं धरून एका ठिकाणाला अठरा मिनिटं. तेवढ्यात गर्दीतून बाकडं मिळवून, सांगून, खाऊन, हात धुऊन निघता येत नाही. पण खरी अडचण वेगळीच आहे. कोल्हापूरचं खाणं घड्याळावर चालतं. मिसळ सकाळची, मटण दुपारचं, भेळ ऊन कलल्यावरची आणि कट्ट्यावरचं दूध दिवेलागणीनंतरचं. हे सगळं एकाच सकाळी दाखवतो म्हणणारा गाईड त्यातल्या निदान दोन गोष्टी तुम्हाला शिळ्या नाहीतर अवेळी खायला घालणार. म्हणून फेरी दोन तुकड्यांत घ्या: शनिवारी संध्याकाळी अडीच तास, रविवारी सकाळी अडीच तास, आणि मटणाचं जेवण फेरीच्या बाहेर, बसून. बरेच गाईड अशी तोड करून देतात, फक्त आपण विचारावं लागतं.

ठरवण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारून घ्या. पैशात खाणं धरलंय का, आणि धरलं असेल तर चव म्हणजे नक्की किती: चौघांत एक प्लेट की दोन? गटात किती माणसं? पेठांतल्या गल्ल्यांत आठांच्या वर माणसं गेली की निम्मी रस्त्यातच उभी राहतात आणि मागच्यांना गाईडचं बोलणं ऐकू येत नाही. ‘पेय’ म्हणजे काय? उसाचा रस, ताक, दूध, चहा असेल तर ठीक. घरची मंडळी बरोबर असल्यावर हे आधी स्पष्ट झालेलं बरं. आणि एखादं दुकान बंद निघालं तर बदली काय? या शेवटच्या प्रश्नावर जो लगेच दुसरं नाव आणि तिथं काय चांगलं मिळतं ते सांगतो, त्याला पेठ माहीत आहे. जो ‘बघू की’ म्हणतो, त्याला फक्त यादी माहीत आहे. गुळाच्या, मसाल्याच्या, चपलांच्या दुकानात गाईडचं कमिशन असणं ही चोरी नव्हे, पण तिथं अर्धा तास घालवायची सक्ती नसावी.

वारही बघा. मंगळवार, शुक्रवार आणि सुट्टीच्या दिवशी देवळाभोवती दर्शनाची गर्दी असते. नवरात्रात तर पायी फेरीचा विचारच सोडा. 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीपर्यंत पोचतात ती वेळ आणि तुमची संध्याकाळची फेरी नेमकी एकमेकींवर येतात. दर्शन आणि खाणं एकाच फेरीत बसवू नका. रांगेला किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही, आणि गाईड बाहेर तुमच्या चपला सांभाळत बसतो.

शनिवारची संध्याकाळ. साडेपाचला भवानी मंडपापाशी भेटा. दुपारचं जेवण हलकं आणि दोनच्या आत झालेलं असू द्या. पहिलं ठिकाण खाण्याचं नसलं तरी चालेल, पण भाऊसिंगजी रस्त्यावर गाईडनं एक हकीकत सांगितलीच पाहिजे. संस्थानच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली. पुढे शाहू महाराजांच्या पाठबळावर त्यांनी याच रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल काढलं. महाराज स्वतः तिथं चहा पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. कोण कुणाच्या हातचं खातो यावर माणसाची किंमत ठरत होती, त्या काळातला तो चहा. खाण्याच्या फेरीत ही गोष्ट गाळणारा गाईड निम्मं कोल्हापूर गाळतो.

तिथून खासबाग पाच-दहा मिनिटांवर. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान पूर्ण झालं 1912 मध्ये. त्याच्या आसपास संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागतात. राजाभाऊंची भेळ हे त्यातलं सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव. इथं चौघांत दोनच भेळ घ्या. एक ओली, एक सुकी. सुकी आईंना आणि मुलीला: चिंचेचं पाणी नाही, म्हणजे उघड्यावरच्या पाण्याची काळजी नाही. ओली भेळ हातात पडली की फोटो काढत बसू नका. चिरमुरे चिंचेचं पाणी लगेच पितात, तीन-चार मिनिटांत सगळं मऊ पडतं आणि मग भेळवाल्याला नावं ठेवली जातात. भेळ चांगली की नाही हे पहिल्या घासात कळतं: आधी चिरमुऱ्याचा कुरकुरीत आवाज, मग आंबट, आणि तिखट अगदी शेवटी घशाशी. कैरीच्या दिवसांत वर कैरीचा कीस असतो, तेव्हा लिंबू नको म्हणून सांगा.

पुढे महाद्वार रोडनं गंगावेशीकडे चालत जायचं. वाटेत कुठेतरी गाईड लोणी डोसा खायला घालेल. दावणगिरी लोणी डोसा हा कर्नाटकातला पाहुणा, पण निपाणी इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे, त्यामुळे तो इथं पाहुणा राहिलेला नाही. चौघांत एक पुरे. मुलीचं पोट खरं तर इथंच भरेल, तिला अर्धा देऊन टाका. डोसा तव्यावर असतानाच लोण्याचा गोळा पडला पाहिजे. ताटलीत आल्यावर वरून ठेवलेलं लोणी नुसतं वितळतं, डोशात उतरत नाही.

गंगावेशीत साडेसात-आठपर्यंत पोचा. दूध कट्ट्याची हीच वेळ. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना खरं वाटत नाही: भर शहरात, रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाईक आलं की धार काढून दूध तिथंच हातात देतात. धारोष्ण म्हणजे म्हशीच्या अंगाइतकं गरम, साधारण 38 अंश. ग्लासाचा वरचा थर नुसता फेस असतो. तो जरा बसू द्या, मग प्या. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्क्यांच्या घरात. एक ग्लास म्हणजे पेय नव्हे, जेवणाचाच ऐवज. पेठांतल्या तालमी, पैलवानांचा खुराक आणि हा कट्टा यांचं नातं काय ते इथं उभं राहूनच समजून घ्यायचं. गंगावेस तालीम जवळच आहे.

आता सावधगिरी. हे दूध न तापवलेलं असतं. कच्च्या दुधातून पोटाचे विकार तर होतातच, ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजारही होऊ शकतात. म्हणून आईंना आणि मुलीला हे दूध देऊ नका. गरोदर बाईनं किंवा मधुमेहानं प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसानंही घेऊ नये. मोठ्या धडधाकट माणसालाही धोका शून्य नाही, तेव्हा आपापल्या जबाबदारीवर, दोघांत एक ग्लास. घेणार असाल तर आधी दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहा: कास धुतली का, काढणाऱ्याचे हात धुतलेले आहेत का, भांडं उपडं ठेवलेलं होतं की उघडं. ‘आंबट भेळेवर दूध चालत नाही’ असं आई म्हणतील. पोटात गेलेलं दूध तिथल्या आम्लानं नासतंच, ती भीती फार धरू नये. पण तळलेलं, लोणी आणि वर म्हशीचं दूध हे जड होतं हे मात्र खरं. भेळ आणि दूध यांत तासाभराचं अंतर या वाटेत आपोआप पडतं, म्हणून वाट उलटी करू नका.

मुलगी रुसणार, तिला कॉकटेल आइस्क्रीम द्या. नावाला घाबरू नका, यात दारूचा थेंब नसतो: आइस्क्रीम, फळांचे तुकडे, जेली, सुका मेवा एकत्र घातलेला ग्लास. कोल्हापुरात लहान मूल बिनदिक्कत ‘एक कॉकटेल’ म्हणून सांगतं.

रविवारची सकाळ मिसळीची. नावाजलेल्या मिसळी देवळाजवळच्या पेठांत सापडतीलच असं नाही: फडतरे शिवाजी उद्यमनगरात, बावडा मिसळ कसबा बावड्यात, म्हणजे शहराच्या उत्तर टोकाला. तिथं रिक्षानं जायचं आणि पायी फेरी नंतर बाजारात करायची. गाईड म्हणाला की पेठेतल्याच एखाद्या छोट्या हॉटेलात नेतो, तर जरूर जा; रविवारी तासभर रांगेत उभं राहण्यापेक्षा ते बरं. आठच्या आत बसलेलं असावं. कट, म्हणजे मिसळीवर घालायचा तिखट रस्सा, पहाटे एकदाच होतो. कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण भाजून वाटलेलं, त्यात कांदा-लसूण चटणी, आणि मग पाणी घालून उकळी. अकरानंतर त्याच पातेल्यात पाणी वाढत जातं, पुन्हा पुन्हा उकळी येते, वाटण तळाला बसतं आणि मीठ पुढे येतं. वाटीतला कट वरून लाल तवंगाचा आणि खालून पाण्यासारखा पातळ दिसला तर तो वाढवलेला समजा.

समोर काय येतं ते नीट पाहा. ताटलीत मोड आलेल्या मटकीची उसळ, त्यावर फरसाण, शेव, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर. बाजूला लिंबाची फोड, वाटीत कट, आणि ब्रेडच्या स्लाइस. पुण्याच्या सवयीनं पाव मागू नका. इथं मिसळ ब्रेडशी खातात आणि त्याला कारण आहे: स्लाइस कट झटकन शोषून घेते आणि स्वतःची चव मध्ये आणत नाही. कट एकदम ओतायचा नाही. चार चमचे घालायचा, तेवढा भाग खायचा, मग पुन्हा. सगळा ओतला तर दोन मिनिटांत फरसाणाचा लगदा होतो. कट संपला की ‘कट वाढा’ म्हणा. बहुतेक ठिकाणी तो वाढतात, जादा ब्रेडचे पैसे लागतात.

‘कमी तिखट करून द्या’ असं सांगून उपयोग नाही. पातेलं एकच आहे, त्यातल्या चटणीला मागं कसं घेणार? कमी तिखट हवं असेल तर ‘उसळ जास्त, कट वेगळा, दही द्या’ असं सांगायचं. तिखटपणा मिरचीतल्या ज्या द्रव्यामुळे येतो ते पाण्यात विरघळत नाही, तेलात-स्निग्धात विरघळतं. म्हणून तवंग सर्वांत तिखट, आणि पाणी प्यायलं की तोंडभर आग पसरते. दही-ताकानं ती शमते. वाढप्याला ‘पळी खालून घाला’ म्हणालात तर तवंग कमी येतो आणि वाटण जास्त. आईंना अशीच द्या, कट दोन पळ्यांच्या वर नको, कारण त्यात मीठही भरपूर असतं. मुलीला कोरडी मटकी, शेव, दही आणि ब्रेड. चौघांत दोन मिसळी आणि एक दही पुरेसं होतं. मोठी माणसं एकेक अख्खी मागवतात आणि मग दुपारचं मटण तसंच राहतं. फेरीतली सगळ्यात नेहमीची चूक ही आहे. दुसरी म्हणजे ईर्ष्या: शेजारच्या बाकड्यावरचा माणूस घाम पुसत तिसरा कट मागतो म्हणून आपणही मागायचा. तो रोज खातो.

कांदा-लसूण न खाणारं कुणी बरोबर असेल तर मिसळीत त्यांच्यासाठी काहीच नाही. ते गाईडला आदल्या दिवशी सांगा. शेंगदाणा, तीळ, खोबरं, काजू यांची कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर तेही. यातलं काही ना काही इथल्या प्रत्येक वाटणात असतं.

मिसळीनंतर चालणं हवंच. कपिलतीर्थ मंडई आणि मग लक्ष्मीपुरीचा बाजार, रमतगमत तासभर. मिरची ओळखायला शिका: ब्याडगी सुरकुतलेली, गडद, रंगासाठी, संकेश्वरी आणि लवंगी तिखटासाठी. कोल्हापुरी चटणीचा रंग एका मिरचीचा आणि जाळ दुसरीचा असतो. नुसत्या तिखट मिरचीची केली तर ती खाता येत नाही, नुसत्या ब्याडगीची केली तर कोल्हापुरी राहत नाही. गुळाच्या दुकानात पिवळाधमक, पांढरटपणाकडे झुकणारा गूळ दिसला की हात मागे घ्या. तो रंग बहुधा हायड्रोस, म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पूड, घालून आणलेला असतो. तपकिरी, जरा काळसर गूळ बरा. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहा, खारट लागला तर नको. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण प्रत्येक ढेपेवर ते छापलेलं नसतं. मोठ्या ढेपेला इथं रवा म्हणतात, ती तीस किलोची असते. दुकानदारानं ‘रवा देऊ का’ विचारलं तर शिऱ्याचा रवा समजून हो म्हणू नका. थंडीच्या दिवसांत, गुऱ्हाळं चालू असताना आलात तर काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीचा दाट पाक, मिळते. बाटलीचं झाकण घट्ट आहे ना ते तिथंच उलटी धरून बघा. साडेदहाच्या सुमाराला उसाचा रस, बिनबर्फाचा, डोळ्यांसमोर काढलेला. आलं-लिंबू घालून अर्धा ग्लास.

मग खोलीवर जा, दोन तास पडा.

मटणाचं जेवण एक-दीडला. थाळी ही चालता चालता चाखायची गोष्ट नव्हे, आणि ‘फेरीत तांबडा-पांढरा चवीपुरता’ असं जे देतात तो कागदी कपातला कोमट रस्सा असतो. रविवारी कोल्हापूर मटण खातं, त्यामुळे खानावळींत गर्दी असते पण माल ताजा असतो. बऱ्याच ठिकाणी एका थाळीत दोघांना बसू देत नाहीत; पाटी वाचा. रस्से मात्र परत परत वाढतात, तेव्हा वाट्या भरभरून घ्यायची घाई नको. पालव्याचं, म्हणजे कोवळ्या बकऱ्याचं मटण आहे का विचारा.

दोन्ही रस्से एकाच आळणी पाण्यातून निघतात. मटण आलं-लसूण, मीठ घालून शिजवलेलं ते पाणी. पांढऱ्यात खसखस, तीळ, काजूचं वाटण, खडा मसाला आणि सगळ्यात शेवटी नारळाचं दूध. हे दूध पडल्यावर रस्सा खळखळून उकळला की फुटतो. वाटीत बारीक कण आणि वर तुपकट चकत्या दिसल्या तर तो फुटलेला किंवा पुन्हा तापवलेला. पांढरा पातळ असावा, वाटी तोंडाला लावून पिता येण्यासारखा. पिठल्यासारखा दाट असेल तर दाटपणा कशानं आणलाय याची शंका घ्या. तांबड्याचा रंग विटेसारखा, गडद असावा. कुंकवासारखा भडक रंग मिरचीचा नसतो. आधी पांढरा प्या. उलट केलंत तर तिखटानं बधिर झालेल्या जिभेला वेलची आणि खसखस लागतच नाही. मग सुकं मटण भाकरीशी, आणि तांबडा भातावर.

आईंसाठी तिथंच अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी सांगा. या भागातला तो अस्सल पदार्थ आहे, मटणाच्या शेजारी दुय्यम म्हणून वाढलेला नव्हे. फक्त ‘वरून तांबड्याचा तवंग घालू नका’ असं स्पष्ट म्हणा, काही ठिकाणी चवीसाठी घालतात. पूर्ण वेगळं स्वयंपाकघर हवं असेल तर त्यांचं जेवण शाकाहारी खानावळीत आधी उरकून घ्या, मटणाच्या ठिकाणी त्यांना ताक घेऊन नुसतं बसवू नका.

जाताना कांदा-लसूण चटणी न्यायची असेल तर शंभर-दोनशे ग्रॅमच घ्या, आणि दुकानातून थोडी हातावर घेऊन बोटांत चोळून पाहा: कोरडी आणि जराशी तेलकट लागली पाहिजे. ओलसर, गोळे होणारी असेल तर कांदा नीट वाळलेला नाही, ती पावसाळ्यात बुरशी धरते. प्लास्टिकच्या पिशवीतून तेल झिरपतं, म्हणून येतानाच घरून काचेची किंवा स्टीलची डबी आणा. घरी गेल्यावर तळाशी हिंगाचे दोन खडे टाका आणि चमचा कोरडाच वापरा. पहिल्या वेळी एक किलो मटणाला दोन चमच्यांवर जाऊ नका, उकळी आल्यावर चव घेऊन मग वाढवा.